अनेक रेणूंना चालेल असा उत्प्रेरक कसा शोधायचा?

लेव्होडोपा हे पार्किन्सनच्या आजारावरचं जुनं आणि आजही सर्वांत परिणामकारक मानलं जाणारं औषध. त्याच्या रेणूत जे अणू आहेत, तेच अणू अगदी त्याच क्रमाने जोडून दुसराही एक रेणू तयार होतो. दोघांत फरक एवढाच, की एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा आहे. डावा आणि उजवा हात जसे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, तसेच हे दोन रेणू कितीही फिरवले तरी एकमेकांवर बसत नाहीत. १९६० च्या दशकातल्या सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये रुग्णांना दोन्ही रूपांचं मिश्रण दिलं जायचं. हालचाल सुधारायची, पण काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटायच्या. फक्त एक रूप, म्हणजे आजचं लेव्होडोपा, वेगळं करून दिल्यावर निम्म्या मात्रेत काम होऊ लागलं आणि तो धोकाही टळला.

असं का व्हावं? आपल्या शरीरातली प्रथिनं स्वतःच एका बाजूची आहेत. ज्या अमिनो आम्लांपासून ती बनतात, ती जवळपास सगळी एकाच रूपातली असतात. साहजिकच त्यांना औषधाच्या रेणूचं एक रूप नीट जुळतं आणि दुसरं जुळत नाही, किंवा भलत्याच ठिकाणी जाऊन जुळतं. अशा रेणूंना कायरल म्हणतात आणि त्यांच्या दोन रूपांना एनॅन्शिओमर. आजच्या औषधांपैकी फार मोठा हिस्सा कायरल रेणूंचा आहे.

या विषयावर लिहिताना थॅलिडोमाइडचं उदाहरण हटकून दिलं जातं. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेल्या या औषधामुळे हजारो मुलं जन्मजात व्यंग घेऊन जन्माला आली. एक रूप गुणकारी, दुसरं घातक आणि ते दुसरं काढून टाकलं असतं तर अनर्थ टळला असता, अशी ती गोष्ट सांगतात. ती अर्धवट आहे. थॅलिडोमाइडची दोन्ही रूपं शरीरात गेल्यावर आपोआप एकमेकांत बदलतात, त्यामुळे शुद्ध रूप देऊनही गर्भ वाचला नसता. नियामक संस्थांनी पुढे प्रत्येक कायरल औषधाच्या दोन्ही रूपांचा स्वतंत्र अभ्यास मागायला सुरुवात केली, अमेरिकेच्या एफडीएने १९९२ मध्ये तसं धोरणच जाहीर केलं, ही मात्र खरी गोष्ट. तेव्हापासून हवं ते एकच रूप तयार करता येणं ही औषधनिर्मितीची रोजची गरज झाली.

आता अडचण कुठे आहे ती बघू. प्रयोगशाळेत साध्या पदार्थांपासून कायरल रेणू बनवायला गेलं, तर दोन्ही रूपं बरोबर निम्मी निम्मी मिळतात. कारण दोघांची ऊर्जा सारखीच असते आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या अभिक्रियेच्या वाटेवरचा ऊर्जेचा चढही सारख्याच उंचीचा असतो. रेणूला डावीकडे जायचं की उजवीकडे, हे ठरवायला काही कारणच नसतं. लुई पाश्चरने १८४८ मध्ये टार्टरिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली पाहिले आणि एकमेकांच्या प्रतिमा असलेले दोन प्रकारचे स्फटिक चिमट्याने एकेक करून वेगळे केले. या क्षेत्राची सुरुवात तिथे झाली. पण वेगळं करणं म्हणजे अर्धा माल बाजूला काढणं. मुळात नको असलेलं रूप तयारच होऊ नये, ही खरी गरज.

त्यासाठी लागतो तो कायरल उत्प्रेरक. उत्प्रेरक म्हणजे जो अभिक्रियेला वेग देतो पण स्वतः संपत नाही. तो स्वतःच एका बाजूचा असेल, तर त्याच्या सहवासात त्या दोन वाटा सारख्या राहत नाहीत. एका वाटेवर रेणूचे भाग उत्प्रेरकाशी नीट जुळतात, दुसऱ्या वाटेवर कुठेतरी अडतात. एका बाजूचा चढ कमी झाला की बहुतेक रेणू तिकडूनच जातात. उत्प्रेरकाचा एक कण अशी हजारो रेणूंची वाट ठरवून देऊ शकतो. यालाच असममित उत्प्रेरण म्हणतात.

दोन चढांमधला हा फरक किती लागतो, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे, कारण पुढची सगळी कथा त्या आकड्यांवर उभी आहे. नेहमीच्या तापमानाला चालणाऱ्या अभिक्रियेचा एकूण चढ साधारण २० किलोकॅलरी प्रति मोलच्या आसपास असतो. (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या.) दोन कार्बन अणूंमधला बंध तोडायला ८० हून जास्त लागतात. आणि हवं ते रूप ९९ टक्के आणि नको ते फक्त १ टक्का मिळावं म्हणून दोन वाटांच्या चढांत फरक लागतो अवघा २.७ किलोकॅलरीचा. इथेन या अगदी साध्या रेणूत दोन टोकं एकमेकांभोवती फिरताना जो किरकोळ अडथळा येतो, तो सुमारे २.९ किलोकॅलरीचा असतो. म्हणजे उत्तम असममित अभिक्रिया आणि निकामी अभिक्रिया यांच्यातलं अंतर इथेनच्या त्या अडथळ्यापेक्षाही कमी आहे.

ही एका अर्थाने आनंदाची बातमी आहे. एवढासाच फरक पुरतो, म्हणून असममित उत्प्रेरण शक्य होतं. पण तोच फरक तेवढ्याच सहजतेने हातचा जातो. समजा तुमचा उत्प्रेरक एका रेणूवर ९९ः१ असा निकाल देतो. त्याच रेणूचा जरा वेगळा भाऊबंद घेतला, एखाद्या मिथाइल गटाच्या जागी मोठा गट आला, आणि त्या जुळणीत १ किलोकॅलरी बिघडली, तर निकाल ९५ः५ वर येतो. आणखी १ किलोकॅलरी गेली की ७७ः२३. औषध बनवणाऱ्याच्या दृष्टीने हा निकाल जवळपास टाकाऊच. आणि रेणूच्या एखाद्या कोपऱ्यात बदल केला की १ किलोकॅलरी इकडची तिकडे होणं हे रसायनशास्त्रात रोजचंच.

एका रेणूवर ९९ टक्के देणारा उत्प्रेरक शोधणं आता तितकंसं दुर्मीळ राहिलेलं नाही. शेकडो वेगवेगळ्या रेणूंवर, त्यांच्या आकारातले फरक पचवून, सातत्याने ९५ च्या वर देणारा उत्प्रेरक मात्र अजूनही हातावर मोजण्याइतकाच सापडतो. या गुणाला आपण व्यापकता म्हणू. उत्प्रेरकाची खरी किंमत या व्यापकतेत आहे आणि ती आपण फार उशिरा मोजायला लागलो, असं माझं स्पष्ट मत आहे.

इतिहासात याचे पुरावे दिसतात. १९६८ मध्ये मॉन्सँटो कंपनीतल्या विल्यम नोल्स यांनी ऱ्होडियम धातूला एक कायरल फॉस्फीन, म्हणजे फॉस्फरस असलेला रेणू, जोडून हायड्रोजनची अभिक्रिया केली. एका रूपाचं दुसऱ्यावरचं आधिक्य फक्त १५ टक्के आलं, म्हणजे ५७.५ः४२.५ असा निकाल. व्यवहारात बिनकामाचं, पण वाट सापडली होती. पुढे त्यांच्याच गटाने डायपॅम्प नावाचं फॉस्फीन बनवलं, आधिक्य ९५ टक्क्यांवर गेलं आणि १९७० च्या दशकात त्याच पद्धतीने लेव्होडोपाचं कारखान्यात उत्पादन सुरू झालं. असममित उत्प्रेरणाचा हा पहिला औद्योगिक वापर. मात्र ही अभिक्रिया एका विशिष्ट घराण्याच्या रेणूंवरच नीट चालायची. दुहेरी बंधाशेजारी अमाइड गट हवाच, कारण त्याच्या ऑक्सिजनला ऱ्होडियम धरून राहायचं. पकड गेली की निवडही गेली.

र्‍योजी नोयोरी यांनी जपानमध्ये हा परीघ टप्प्याटप्प्याने वाढवला. १९८० मध्ये त्यांनी बायनॅप नावाचं लिगँड पुढे आणलं. लिगँड म्हणजे धातूला बिलगून बसणारा आणि त्याच्याभोवती कायरल आवार तयार करणारा रेणू. बायनॅपमध्ये दोन नॅफ्थलीन वलयं एकमेकांना पीळ देऊन बसलेली असतात आणि तो पीळच त्याची डावी-उजवी बाजू ठरवतो. आधी ऱ्होडियमबरोबर, मग रुथेनियमबरोबर त्याचा वापर झाला आणि कितीतरी वेगळ्या प्रकारच्या रेणूंवर हायड्रोजन घालता येऊ लागला. तरीही रेणूवर धातूला धरायला एखादा ऑक्सिजन किंवा नायट्रोजन लागायचाच. १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्याच रुथेनियम-बायनॅपला एक डायअमिन जोडल्यावर असा कोणताही आधार नसलेली साधी कीटोनंही आवाक्यात आली. टाकासागो कंपनीचा मेन्थॉलचा प्रसिद्ध कारखानाही बायनॅपवरच उभा राहिला. एकच लिगँड, पण अभिक्रिया वेगळ्या, धातू वेगळे, रेणू वेगळे.

या प्रवासातला मला सर्वांत शिकवणारा टप्पा बॅरी शार्पलेस यांच्या इपॉक्सिडेशनचा, म्हणजे दोन कार्बनमधल्या दुहेरी बंधावर ऑक्सिजन बसवण्याच्या अभिक्रियेचा, वाटतो. तो जरा सावकाश पाहू.

१९८० मध्ये शार्पलेस आणि त्सुतोमू कात्सुकी यांनी दाखवलं, की टायटॅनियमचा एक साधा अल्कॉक्साइड, टार्टरिक आम्लाचं एस्टर आणि टर्ट-ब्यूटिल हायड्रोपेरॉक्साइड एवढ्यावर दुहेरी बंधाच्या हव्या त्याच बाजूने ऑक्सिजन बसवता येतो. टार्टरिक आम्ल, म्हणजे पाश्चरने ज्याच्या क्षाराचे स्फटिक वेचले तेच. स्वस्त, सहज मिळणारं आणि दोन्ही रूपांत उपलब्ध. एका रूपाचं टार्ट्रेट वापरलं तर ऑक्सिजन वरून येतो, दुसऱ्या रूपाचं वापरलं तर खालून. निकाल आधीच सांगता येतो. कागदावर रेणू ठरलेल्या पद्धतीने काढायचा आणि कोणतं टार्ट्रेट बाटलीतून घ्यायचं ते ठरवायचं.

ही अभिक्रिया इतक्या वेगवेगळ्या रेणूंवर का चालते? अट एकच आहे. दुहेरी बंधाच्या शेजारच्या कार्बनवर एक अल्कोहोल गट हवा. टायटॅनियम त्या अल्कोहोलचा ऑक्सिजन पकडतो, दुसऱ्या हाताने पेरॉक्साइड पकडतो आणि टार्ट्रेट या दोघांना ठरावीक कोनात बसवतं. दुहेरी बंध नेमका पेरॉक्साइडच्या समोर येतो. रेणूचा उरलेला भाग बाहेरच्या मोकळ्या जागेत असतो. तो लहान आहे की मोठा, त्याच्यावर आणखी काय काय लटकलेलं आहे, याच्याशी उत्प्रेरकाला फारसं देणंघेणं नसतं. म्हणजे व्यापकतेचं एक गुपित असं, की संपूर्ण रेणू ओळखायचा प्रयत्नच करू नये. ज्या एका भागाशी काम आहे तो घट्ट धरावा आणि बाकीच्याला मोकळं सोडावं.

याच अभिक्रियेतला एक बारीक तपशील प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्यांना चांगला ठाऊक असतो. मूळ पद्धतीत टायटॅनियम जवळजवळ कच्च्या मालाइतकंच घालावं लागायचं, म्हणजे त्याला नावापुरताच उत्प्रेरक म्हणायचं. १९८६ मध्ये लक्षात आलं, की फ्लास्कमध्ये आण्विक चाळणी, म्हणजे पाणी शोषून घेणारी झिओलाइटची भुकटी टाकली, तर ५ ते १० टक्के टायटॅनियम पुरतं. पाण्याचा मागमूस उत्प्रेरकाची रचना मोडत होता. एवढीशी भुकटी टाकल्यावर ही अभिक्रिया जगभरच्या प्रयोगशाळांत कोणीही करावी इतकी भरवशाची झाली. उत्प्रेरकाची व्यापकता केवळ त्याच्या रचनेत नसते, ती अशा व्यवहारातल्या तपशिलांतही असते.

हे टार्ट्रेट-टायटॅनियमचं जोडपं पुढे कुठे पोचलं ते पाहा. १९८० च्या दशकातच फ्रान्समध्ये आंरी कागान यांनी आणि इटलीत जॉर्जो मोदेना यांनी थोडे फेरफार करून तेच मिश्रण सल्फाइडवर वापरलं. इथे दुहेरी बंध नाही, अल्कोहोल नाही. ऑक्सिजन बसतो तो थेट गंधकावर आणि तो गंधकच कायरल होतो. त्यानंतर ॲस्ट्राझेनेकाच्या रसायनतज्ज्ञांना आम्लपित्तावरच्या एसोमेप्राझोलसाठी हीच अभिक्रिया हवी होती. कागान यांची पद्धत जशीच्या तशी वापरल्यावर दोन्ही रूपं जवळपास सारखी आली. मग त्यांनी टायटॅनियमचं संकुल सल्फाइडच्या उपस्थितीतच तयार केलं, तापमान वाढवलं, एक अमिन मिसळलं आणि आधिक्य ९४ टक्क्यांच्या वर नेलं. म्हणजे व्यापक उत्प्रेरकही बाटलीतून काढला आणि चालला असं दर वेळी होत नाही. पण सुरुवात शून्यातून करावी लागत नाही, आणि हीच मोठी गोष्ट आहे.

नोल्स, नोयोरी आणि शार्पलेस यांना २००१ चं नोबेल मिळालं. पुढे २००३ मध्ये टेहशिक यून आणि एरिक जेकबसेन यांनी एक निरीक्षण नेमकेपणाने मांडलं. हजारो कायरल उत्प्रेरक प्रसिद्ध झाले, पण मोजक्याच काही सांगाड्यांनी एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या अभिक्रियांतही यश दिलं. बायनॅप आणि त्याचा ऑक्सिजनवाला भाऊ बायनॉल, सॅलेन, बिसऑक्साझोलीन, सिंकोनाच्या सालीतून मिळणारे अल्कलॉइड हे त्यांतले ठळक. सॅलेनचा संचार पाहिला तर थक्क व्हायला होतं. मँगनीजबरोबर तो दुहेरी बंधावर ऑक्सिजन बसवतो, तेही शार्पलेस पद्धतीला लागणारा अल्कोहोल गट नसताना. कोबाल्टबरोबर तो इपॉक्साइडच्या, म्हणजे असा ऑक्सिजन बसून तयार झालेल्या रेणूच्या, मिश्रणातलं एकच रूप पाण्याने उघडतो आणि दुसरं शुद्ध राखतो. क्रोमियम आणि ॲल्युमिनियमबरोबर त्याची कामं आणखी वेगळी.

या यादीतल्या बऱ्याच सांगाड्यांत एक समान धागा दिसतो. अर्धं वळण दिलं की ते पुन्हा जसेच्या तसे दिसतात. या सममितीमुळे उत्प्रेरकाच्या दोन बाजू सारख्याच होतात आणि रेणूला आत बसण्याच्या शक्य जागा निम्म्यावर येतात. चुकीच्या जुळणीची एक वाट आपोआप कमी होते. पण सिंकोना अल्कलॉइडमध्ये अशी सममिती नाही आणि तरीही ते तितकेच व्यापक आहेत. तेव्हा सममितीला सूत्र मानून चालत नाही.

आता थोडं प्रयोगशाळेच्या रोजच्या कामाबद्दल, कारण व्यापक उत्प्रेरक कमी सापडण्याचं एक कारण आपल्या शोधण्याच्या पद्धतीतच दडलेलं आहे. नवी असममित अभिक्रिया शोधताना संशोधक नमुना म्हणून एक सोयीचा रेणू निवडतात. तो स्वस्त असतो, त्याचे दोन एनॅन्शिओमर क्रोमॅटोग्राफच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या, कायरल स्तंभातून स्वच्छ वेगळे होतात. पडद्यावर दोन शिखरं दिसतात, त्यांच्या क्षेत्रफळाच्या गुणोत्तरावरून निकाल कळतो. मग त्या एका रेणूवर डझनावारी उत्प्रेरक, द्रावक, तापमानं तपासली जातात. आकडा ७० वरून ८५, ८५ वरून ९६ असा चढत जातो. शेवटी जो विजेता ठरतो, तो घेऊन पंचवीस-तीस वेगळ्या रेणूंवर तो कसा चालतो याचा तक्ता छापला जातो.

यात अप्रामाणिकपणा काही नाही. पण निवड कशाची झाली ते पाहा. सगळी स्पर्धा एकाच रेणूवर झाली, त्यामुळे जिंकला तो त्या एका रेणूला सर्वांत चपखल बसणारा उत्प्रेरक. त्याच स्पर्धेत कदाचित एखादा उत्प्रेरक होता, ज्याने नमुना रेणूवर ८८ टक्के दिले असतील पण बाकीच्या तीसही रेणूंवर ९० च्या वर दिले असते. तो दुसऱ्या फेरीतच बाद झाला आणि कुणाला कळलंही नाही. तक्त्यातही बहुधा चाललेल्या रेणूंनाच जागा मिळते. न चाललेले वहीतच राहतात. वाचणाऱ्याला उत्प्रेरक प्रत्यक्षापेक्षा जास्त व्यापक वाटतो आणि औषध कंपनीतला रसायनतज्ज्ञ आपल्या आडव्यातिडव्या रेणूवर तो वापरायला जातो तेव्हा तोंडघशी पडतो.

यावर उपाय सुचला नव्हता असं नाही. कागान यांनी १९९८ मध्येच अनेक रेणू एकाच फ्लास्कमध्ये घालून उत्प्रेरक तपासायची कल्पना मांडली होती. अडचण मोजमापाची होती. दहा रेणूंची वीस रूपं एकाच वेळी स्तंभातून बाहेर पडली, तर शिखरांचा गुंता होतो. शिवाय एकत्र असताना रेणू एकमेकांच्या कामात ढवळाढवळही करू शकतात.

२०२२ मध्ये जेकबसेन यांच्या हार्वर्डमधल्या गटाने हा गुंता सोडवणारी एक पद्धत नेचर नियतकालिकात मांडली. वेगवेगळ्या नमुना रेणूंवर झालेल्या अभिक्रियांचे नमुने विश्लेषणाच्या वेळी एकत्र करायचे, अतिक्रांतिक द्रवावर चालणाऱ्या क्रोमॅटोग्राफमधून ते सोडायचे आणि पुढे रेणूंचं वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर लावायचा. प्रत्येक रेणूचं वस्तुमान वेगळं असेल असं पाहिलं, की शिखरं एकमेकांवर चढली तरी काही बिघडत नाही. कोणतं शिखर कोणाचं ते वस्तुमान सांगतं. म्हणजे एका विश्लेषणात एका उत्प्रेरकाची अनेक रेणूंवरची कामगिरी समोर येते. ही पद्धत त्यांनी पिक्टे-स्पेंग्लर अभिक्रियेवर वापरली. अनेक अल्कलॉइडांचा मूळ सांगाडा याच अभिक्रियेने तयार होतो. त्यातून अपेक्षित नसलेला एक उत्प्रेरक पुढे आला आणि तो तपासणीच्या संचात नसलेल्या रेणूंवरही चांगला चालला. इथे निवडीचा निकषच बदलला होता. जे मोजायचं ठरवलं, तेच मिळालं.

काही उत्प्रेरक मुळात व्यापक का असतात, याचं उत्तर अजून पूर्ण हाती आलेलं नाही, पण एक दिशा दिसते. जुन्या समजुतीप्रमाणे कायरल उत्प्रेरक म्हणजे ताठ भिंती. नको त्या वाटेवर भिंत उभी करायची. मोठा रेणू आला की भिंत आपल्याला हव्या असलेल्या वाटेतही येते. १९९८ मध्ये मॅट सिगमन आणि जेकबसेन धातूंसाठी लिगँड शोधत होते, तेव्हा धातू न घातलेलं लिगँडच सर्वांत चांगला निकाल देतं असं त्यांना आढळलं. त्यातून थायोयूरियासारखे, फक्त हायड्रोजन बंधाच्या आधाराने काम करणारे उत्प्रेरक पुढे आले. हे उत्प्रेरक हव्या त्या वाटेवर रेणूला अनेक क्षीण आकर्षणांनी सावरतात. ती थोडी लवचीक असल्याने रेणू बदलला तरी त्याच्याशी जुळवून घेतात. ऑक्सेटेन वलय उघडण्याच्या अभिक्रियेत तर असं दिसलं, की एकच उत्प्रेरक दोन निरनिराळ्या यंत्रणांनी काम करतो आणि दोन्हींत निवड उत्तम राखतो. व्यापकतेचं असं मूळ एकाच नमुना रेणूकडे पाहून कधी कळलं नसतं.

इथे एक आक्षेप रास्त आहे. व्यापकता हवीच कशाला? कारखान्याला शेवटी एकच रेणू बनवायचा असतो. मेटोलाक्लोर या तणनाशकाचं उदाहरण घ्या. त्याच्यासाठी इरिडियमचा उत्प्रेरक नेमका त्या एका रेणूसाठी घासूनपुसून तयार केला गेला. आधिक्य फक्त ८० टक्क्यांच्या आसपास, पण एक उत्प्रेरक-कण दहा लाखांहून जास्त रेणू तयार करतो आणि वर्षाला दहा हजार टनांहून जास्त माल निघतो. सिटाग्लिप्टिन या मधुमेहावरच्या औषधासाठी मर्कने आधी ऱ्होडियम वापरलं. नंतर कोडेक्सिस कंपनीबरोबर मिळून एक विकर, म्हणजे उत्प्रेरकाचं काम करणारं प्रथिन, असं बदलत नेलं, की सुरुवातीला त्या रेणूला हातही न लावणारं विकर अखेरीस कारखान्यात धातूच्या जागी बसलं. २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. विकर एका कामासाठी असं घडवता येतं, तेव्हा व्यापकतेचा आग्रह धरायचं कारण नाही.

पण कारखान्यापर्यंत पोचणाऱ्या एका रेणूमागे शोधाच्या टप्प्यावर हजारो रेणू बनवून तपासलेले असतात. तिथे प्रत्येकासाठी वेगळा उत्प्रेरक घडवायला ना वेळ असतो ना माणसं. भरवशाची असममित अभिक्रिया हाताशी नसेल, तर रसायनतज्ज्ञ त्या आकाराचे रेणू बनवायचं टाळतात आणि सपाट, सोप्या रेणूंकडे वळतात. एखादं चांगलं औषध कधी तयारच होत नाही, कारण ते बनवायची वाट सोयीची नव्हती. व्यापक उत्प्रेरकांची निकड मला याच टप्प्यावर सर्वांत जास्त जाणवते.

संगणकाचं साहाय्य इथे वाढत आहे. २०१९ मध्ये स्कॉट डेनमार्क यांच्या गटाने कायरल फॉस्फोरिक आम्लांच्या एका अभिक्रियेत फक्त ८० टक्क्यांच्या आतले, म्हणजे मध्यम आणि वाईट निकाल शिकवून संगणकाकडून त्याहून वरचे उत्प्रेरक ओळखून घेतले. त्याच वर्षी जोलीन रीड आणि सिगमन यांनी वेगवेगळ्या शोधनिबंधांतली आकडेवारी एकत्र करून एका अभिक्रियेतलं शहाणपण दुसरीकडे वापरता येतं हे दाखवलं. हे सगळं वाईट निकालांवर तितकंच अवलंबून आहे जितकं चांगल्या निकालांवर. नेमके तेच निकाल छापले जात नाहीत. शोधनिबंधाच्या पुरवणीत ४० टक्के आधिक्य देणारे रेणू, अजिबात न चाललेले रेणू यांचा तक्ता देणं सक्तीचं व्हावं, असं मला मनापासून वाटतं. त्याला जास्तीचा खर्च नाही, माहिती वहीत आहेच.

आणि काही रेणू अजूनही अवघडच आहेत. ब्यूटॅनोन घ्या. त्याच्या कार्बोनिलच्या, म्हणजे कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या, एका बाजूला मिथाइल, दुसऱ्या बाजूला इथाइल. फरक एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनचा. त्याच्यावर हायड्रोजन घालून एकाच रूपाचं अल्कोहोल मिळवायचं, तर उत्प्रेरकाला पकडायला ना बेंझीनसारखं वलय आहे ना दुसरा ऑक्सिजन. ज्या व्यापक उत्प्रेरकांचं वर कौतुक केलं, ते बहुतेक इथे अडखळतात, कारण त्यांची सगळी ताकद रेणूवरच्या एखाद्या ठळक खुणेवर अवलंबून आहे. बेंजामिन लिस्ट यांच्या गटाने इमिडोडायफॉस्फोरिमिडेट नावाची, आत अगदी अरुंद पोकळी असलेली आम्लं बनवून खुणा नसलेले छोटे रेणू हाताळायला सुरुवात केली आहे. तिथे रेणूला मोकळं सोडायचं नसून सगळीकडून वेढायचं असतं, म्हणजे शार्पलेस यांच्या युक्तीच्या अगदी उलट. या दोन युक्त्या एकाच उत्प्रेरकात कशा आणायच्या, यावर आता काम चालू आहे.